येतो म्हणा

बाबा गेले त्या दिवशी माझी पहिली चूक झाली ती अंत्यविधीच्या सामानाच्या दुकानात. बांबू, मडकं, पांढरं कापड सगळं काढून झालं, लाकडांचा आणि गाडीचा खर्चही दुकानदाराने सांगितला, आणि माझ्या लक्षात आलं की खिशात आहे त्यात फार तर मडकं येईल. ‘पैशांचं बघतो’ असं पुटपुटलो आणि वाण्याकडून निघताना म्हणतो तसं सवयीने म्हणून गेलो, ‘‘बरं, येतो मी.’’ दुकानदार हळूच म्हणाला, ‘‘साहेब, आमच्याकडून जाताना तसं म्हणत नाहीत.’’ मी जीभ चावली. बाबा असते तर त्यांना आनंद झाला असता... आमच्या घरात ‘येतो’ न म्हणणारा माणूस एकच होता.

घराबाहेर पडताना सगळं जग ‘येतो’ म्हणतं, बाबा ठणकावून ‘जातो’ म्हणायचे. आई होती तोवर दारापर्यंत मागे जाऊन ‘येतो म्हणा’ सांगायची आणि बाबा न वळता चपला घालायचे. त्या सकाळीही दूध आणायला ‘जातो’ म्हणून निघाले आणि नवीन पनवेलच्या आमच्या बसथांब्यापाशी कोसळले. दवाखाना गाठेपर्यंत सगळं संपलं होतं.

गेलेल्या माणसाबद्दल चांगलं लिहावं म्हणतात, पण नुसतं चांगलं लिहिलं तर ओळखीच्यांना ते बाबांबद्दल वाटणार नाही. कचेरीत कारकुनी केलेला हा माणूस घरातही सगळ्यांच्या चुका काढायचा. माझ्या तळोज्याच्या कंपनीने पगार थकवलेले, आणि बाबांचे पैसे बँकेत त्यांच्या एकट्याच्या नावावर. वारसाचं नाव लावा म्हटलं की विचारायचे, ‘‘वाट बघतोयस का?’’ ज्यांच्याशी त्यांनी भांडण केलं नव्हतं अशा दोनचार लोकांपुढे मी पगार थकल्यापासून हात पसरून बसलो होतो. उरले कोन गावचे काका, बाबांचे धाकटे भाऊ. रस्त्यात गेलेल्या जमिनीच्या मोबदल्यावरून दोघांचं फाटलं होतं. तरी काकांनी मुलीच्या लग्नाची पत्रिका पाठवली, तर बाबांनी तिच्यातले ऱ्हस्व-दीर्घ लाल शाईने दुरुस्त करून ती परत धाडली. त्यानंतर बोलणंच संपलं.

कोनला जाताना स्कूटरवर मी मनात वाक्यं जुळवली. आधी बातमी, मग थोडं थांबायचं, मग खर्चाचा विषय. काका पडवीत चार माणसांत बसले होते. मला बघून उठले नाहीत की बस म्हणाले नाहीत, आणि माझ्या तोंडून एका दमात बाहेर पडलं, ‘‘काका, बाबा गेले, पैसे हवेत.’’

काका म्हणाले, ‘‘भाऊ मेला ते सांगाला आलास, का पैसं मागाला?’’

‘‘दोन्ही.’’

‘‘मंग लाल पेन आनलास का? पत्रिका हाय माज्याकडं अजून.’’

पडवीतली माणसं जमिनीकडे बघत हसली. मी मान खाली घालून उभा. बाप तिकडे घरात निजवलेला, आणि मी इकडे त्याच्या लाल शाईचा हिशेब चुकवत होतो. काका आत जाऊन सदरा चढवून आले. ‘‘तुज्या हातात येक रुपाया देनार नाय. दुकान दाखव.’’ स्कूटरवर मागे बसले, पण पनवेल येईपर्यंत माझ्या खांद्याला धरायचंसुद्धा त्यांनी टाळलं.

पैसे त्यांनी दुकानदाराच्या हातात मोजले. घरी बांबू बांधायला घेतले तर मी मारलेली गाठ सगळ्यांदेखत सोडून पुन्हा बांधली. वर ‘‘बापानं ह्ये पन नाय शिकवलं’’ हे ऐकवलं. कुणाला न विचारता पुढचा खांदा धरला तो स्मशानापर्यंत सोडला नाही. एवढा राग मला बाबांचाही कधी आला नव्हता. संध्याकाळी दिव्याला नमस्कार करून माणसं एकेक करून न बोलता निघून गेली. काका बाबांच्या खुर्चीत बसून होते. मग उठले, दारात चपला घातल्या आणि मागे न वळता म्हणाले, ‘‘जातो.’’

तोच आवाज... तोडून टाकल्यासारखा. दिव्यापाशी बसलेली बायको एकदम म्हणाली, ‘‘येतो म्हणा, काका.’’ काका क्षणभर थांबले आणि जिना उतरून गेले. ज्या घरातून आजच माणूस गेलाय तिथे असं म्हणतात का, म्हणून मी तिच्यावर चिडलो. दुकानात मी काय दिवे लावले होते ते अर्थात तिला सांगितलं नाही.

गेल्या आठवड्यात थकलेला पगार एकदाचा जमा झाला. मी बाबांच्या खुर्चीत बसून मोबाइल काढला, काकांचा नंबर शोधला आणि म्हटलं, त्यांचे पैसे पाठवून टाकतो आत्ताच, पुन्हा तोंड बघायला नको त्या माणसाचं.

‘‘मोबाइलवरून नका पाठवू,’’ बायको म्हणाली. ‘‘न्यायला येऊ देत त्यांना.’’