लिफ्टच्या अर्जावरची सही

कसबा बावड्याच्या वाटेवर आमचं अपार्टमेंट होतं. मी चौथ्या मजल्यावर, भाड्यानं. आधी जिन्यातले दिवे गेले. मग झाडायला येणारी बाई बंद झाली. वॉचमन गावाला गेला तो गेलाच. शेवटी लिफ्टच्या दारावर कागद चिकटला, पुढील सूचनेपर्यंत बंद. ती पुढची सूचना काही कुणी लावली नाही.

अप्पा, म्हणजे माझे वडील, तेव्हा माझ्याकडे होते. आई गेल्यावर गडहिंग्लजचं घर त्यांना खायला उठायचं. गुडघे पार कामातून गेलेले. पण रोज संध्याकाळी लिफ्टनं उतरून, रिक्षा करून दुधाच्या कट्ट्यावर जायचे. समोर म्हैस पिळायची आणि फेसासकट ग्लास हातात घ्यायचा. दूध निमित्ताला हो, तिथं चार जण आपल्या बोलीत बोलणारे भेटायचे.

लिफ्ट बंद झाली तरी पाचला टोपी घालून दाराशी बसायचे. चालू झाली का विचारायचे. मी रोज ठोकून द्यायचे, उद्या होईल म्हणून. मीच कट्ट्यावरनं किटलीत दूध आणायचे, तर घरी येईपर्यंत फेस बसलेला असायचा.

एका संध्याकाळी खालच्या मजल्यावरच्या काकू तक्रारीचा अर्ज घेऊन आल्या. त्याही भाडेकरूच. बाकीच्या बहुतेक भाडेकरूंनी हो-नाही करत टाळलं होतं. माझे तर घरमालकच सोसायटीचे सेक्रेटरी, आणि अकरा महिन्यांचं अ‍ॅग्रीमेंट संपत आलेलं. नवरा सोडलेल्या बाईला तेव्हा घर कोण देत होतं? तीन दारं फिरून हे मिळालं होतं. मी म्हटलं, वाचून देते.

"वाचायचं काय त्यात?" काकू म्हणाल्या. "म्हातारा तुझाच हाय की."

मी दार लावून घेतलं. शेपूट घातलं, दुसरं काय! अर्ज दोन सह्यांवर काकूंच्या घरातच पडून राहिला.

दुसऱ्या दिवशी किटली घेऊन आले, तर अप्पा आत पलंगावर. टोपी खुंटीला. मी सवयीनं म्हटलं, उद्या नक्की चालू होणार बघा.

"सही केली न्हाईस ते बरं केलंस पोरी," ते म्हणाले. "घर गेलं आसतं. आन् मला बी आता दूध सोसत न्हाय."

जन्मभर म्हशी राखलेला माणूस! मला तिथंच मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी किटली घेऊन स्वयंपाकघरात गेले.

लिफ्टचं त्यांनी परत नाव काढलं नाही. पुढच्या महिन्यात मालकांनी अ‍ॅग्रीमेंट वाढवून दिलं, भाडेकरू म्हणून माझं कौतुकही केलं. दिवाळीच्या आधी अप्पा त्या घरातून खाली उतरले. चौघांनी उचलून, जिन्यानं.

सगळ्यांच्या पुढं काकू अंधारात टॉर्च धरून होत्या.