बाबा ज्यात होते तो मूकपट

बाबांनी तरुणपणी मुंबईत एका मूकपटात काम केलं होतं, हे अकोल्यातल्या आमच्या सगळ्या जठारपेठेला माहीत होतं, कारण बाबांनीच ते सांगून ठेवलं होतं. काम कसलं, ते मात्र गुलदस्त्यात. आईची समजूत होती की राजाचे शिपाई झाले असतील. मिशाच तशा होत्या.

आम्ही बौद्ध झालो त्याला पाच-सहा वर्षं झाली असतील. मी तिथेच कॉलेजात होते. आमच्या कॉलेजच्या चित्रपट मंडळाने बाबांचा तोच मूकपट कुठूनसा मिळवला. मी आनंदाने घरी सांगितलं आणि बाबांचं जेवणावरचं लक्षच उडालं. रीळ फाटलेलं असेल, लोकांना कंटाळा येईल, असं दोन दिवस चाललं. तोवर आईने अर्धी गल्ली बोलावलीसुद्धा. त्यात आमच्या सरांनी बाबांनाच गळ घातली. मूकपटाच्या काळी पडद्याशेजारी एक माणूस उभा राहून गोष्ट समजावून सांगायचा, ते काम तुम्हीच करा म्हणाले. सरांना नाही म्हणणं बाबांना जमलं नाही.

रविवारी सकाळी खेळ सुरू झाला. बाबा हातात छडी घेऊन उभे. राजपुत्र आला की त्याचं सगळं मनोगत सांगायचे, नायिका आली की खोकायचे. आई शिपाई तपासत होती. मी तिला तीनदा चुकीचा माणूस दाखवला, त्यातला एक तर रथ हाकणारा होता. तेवढ्यात नायिकेने चालता चालता पदर खोचला आणि आई थिजली. लग्नापासून बाबा तिला पदर अस्साच खोचायला शिकवत आले होते.

"तरीच," आई म्हणाली, आणि खुर्चीत इतकी खाली सरकली की मागच्या बाईंना पडदा नीट दिसू लागला.

कुजबुज हॉलभर पसरली. त्या काळी सिनेमाला बायका मिळत नसत, शेलाटा मुलगा दिसला की साडी नेसवत, हे मी वाचलं होतं. पण आपल्या बापाला लाजताना बघणं निराळं. मला हसू आवरेना, आणि हसल्याचं वाईटही वाटत होतं.

पडद्यावर विहीर आली. नायिकेने पोहरा ओढला, राजपुत्र ओंजळ करून वाकला. बाबांची छडी थांबली. त्यांच्या गावात विहिरीला आमच्या माणसांना हात लावू देत नसत. कुणी वरून ओतलं तर पाणी मिळायचं. हॉलमधल्या प्रत्येकाला हे ठाऊक होतं.

"थे बाई म्हंजे मी हाव," बाबा म्हणाले. हशा पिकला. त्यांनी तो ओसरू दिला. "हा हीरो लय मोठ्या घरचा व्हता. हे पानी पाजाचं दृश्य पाच खेपा घ्या लागलं. पाची खेपा माह्या हातचं पानी पेला. कोनी मले जात इचारली नाई. त्याइले बाई पायजे व्हती."

आई खुर्चीत ताठ बसली. शेजारच्या बाईंकडे वळली आणि त्यांना कळून चुकलेलं तिने मुद्दाम सांगितलं.

"आमचे हे हायेत."