वाघोबापाशी थांबलेलं वाक्य

धसईच्या वर डोंगरात एक पाडा आहे. तिथली रविना रोज सकाळी आपल्या आईबरोबर, म्हणजे बाईजाबरोबर, खाली उतरून प्रणितच्या कृषी पर्यटन केंद्रात भाकऱ्या थापायला येई. भाकरी उत्तम, पण मन चुलीपाशी नसे. पाहुण्यांना जंगल दाखवणारा मुलगा काम सोडून कल्याणला गेला होता आणि ती जागा रविनाला हवी होती. जंगल तिच्या पायाखालचं. अडचण होती इंग्रजीची. बारावी झालेली ही पोर 'ट्री इज ओल्ड, बर्ड इज इन ट्री' असं बोले.

"कुठलं झाड, कुठला पक्षी, पाहुण्यांना कळायला नको?" प्रणित म्हणाला. "दिवाळीचे पाहुणे येतील तेव्हा एकदा नेऊन दाखव. मग ठरवू."

ती केंद्राशेजारी माझ्या घरी आली; माझं उभं आयुष्य नाटकात गेलेलं. एका नाटकात मडमेचं काम करताना दिग्दर्शकांनी माझ्याकडून इंग्रजी घोटून घेतलं होतं, तेवढीच माझी पुंजी. मी तिला रंगमंचावरचं सांगितलं. नवं पात्र आलं की प्रेक्षक विचारतात, हा कोण? तो 'अ'. ओळख झाली की पुढच्या प्रवेशात तोच 'द'. नामाच्या डोक्यावरच्या या दोन टोप्या.

तिने ते स्वयंपाकघरात नेलं. अ पॉट. द पॉट इज हॉट.

"टोपाला पन टोपी घालतेस का गो?" बाईजाने विचारलं. "उद्या कोंबडीला घालशील."

"पयल्यांदा आली तर एक टोपी, मंग दुसरी."

"आन कापली तर?"

"तरी दुसरीच."

टोप्या आल्या, पण नवीच खोड लागली. प्रत्येक नामाआधी ती थांबे, डोळे आढ्याला लावून टोपी निवडे. मी म्हटलं, "चुकलीस तरी चालेल, थांबू नकोस. नट थांबला की लोकांना वाटतं, विसरला." प्रणित स्पष्टच बोलला, "अशी थांबलीस तर चूलच बरी."

दिवाळीत बंगळूरचं एक कुटुंब आलं. रविना पुढे, मागून प्रणित, आणि गुडघे नेतील तिथवर मी. "देअर इज अ स्ट्रीम. द स्ट्रीम कम्स फ्रॉम द हिल." न अडखळता. मग शेंदूर लावलेला दगड लांबून दाखवत ती म्हणाली, "दॅट इज अ स्टोन. द स्टोन इज..."

आणि थांबली. पावलं दगडाशी पोचली होती.

प्रणितने माझ्याकडे पाहिलं. मलाही वाटलं, गेलं सगळं. तो खाकरून पुढे झाला आणि तिचं वाक्य पुरं करू लागला. रविनाने मालकाच्या तोंडासमोर तळहात धरला.

तो एक पाऊल मागे सरला. तिने चपला काढल्या, झाडाचं एक पान तोडून दगडाच्या पायाशी ठेवलं, पाहुण्यांना खुणेनं तसंच करायला लावलं. त्यांच्यातली छोटी मुलगीसुद्धा तोंड मिटून पान ठेवून आली. वळण ओलांडल्यावर रविनाने चपला घातल्या आणि सोडलेलं वाक्य उचललं, "...द हाऊस ऑफ अवर टायगर गॉड. वी डू नॉट टॉक निअर हिम. ही हॅज अ गुड इअर्स."

पाहुणे हसले, तीही हसली आणि पुढे चालू लागली.

परतल्यावर प्रणित स्वयंपाकघरात आला.

"मला वाटलं, अडकलीस."

"नाय वो शेठ. वाघोबापाशी आमी बोलत नाय. पोर रडलं तरी त्याच्या तोंडावर हात ठेवतात."

"म्हणून माझ्या पण?"

"तुमी पन बोलत होतात ना."

बाईजा परातीत पीठ मळत राहिली. प्रणितने चहा संपवला.

"दुपारी दुसरे पाहुणे आहेत. त्यांना पण तूच ने. आणि पुढच्या वेळी दगड जरा आधी सुरू कर, म्हणजे वाक्य पुरं होईल."

"आन भाकऱ्या कोन थापील?" बाईजाने विचारलं.

"बघू कोणीतरी," तो म्हणाला. रविनाने तोवर हाताचं पीठ धुऊन टाकलं होतं.