आबांची टाकी आणि परतूरची तूर

परतूरला कुणी सहलीला जातं का, असं तुम्ही म्हणाल. मी गेले आहे. पुढे काश्मीर पाहिलं, केरळ पाहिलं, पण आजही कुणी सगळ्यात चांगला प्रवास कोणता असं विचारलं, तर मी न अडखळता जालना-अंबड-जालना-परतूर असं सांगते. समोरचा हसतो. हसू दे.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. मोठा दुष्काळ सरून दोन-तीन वर्षं झाली होती. मला नुकतीच शाळेत नोकरी लागली होती आणि अंगात शहाणपण मावत नव्हतं. जालना तेव्हा जिल्हा नव्हता. अंबडला गेलं तरी आपण औरंगाबाद जिल्ह्यातच, आणि परतूरला उतरलं की परभणी जिल्हा. आम्ही जालन्याच्या मस्तगडात राहायचो. आई-वडील, भावंडं आणि आबा, म्हणजे माझे आजोबा.

आबा पाथरवट. निजामाच्या काळापासून दगड घडवायचे. जाती, पाटे-वरवंटे, उंबरे, विहिरींच्या पायऱ्या. सकाळी उठले की हातोडा, संध्याकाळी हात धुतले की नातवंडं. सगळ्यांची ताटं वाढून झाल्याशिवाय त्यांनी कधी घास घेतला नाही. एखादं पोर बाहेर खेळत असलं तर त्याला हाक मारून आणायचे आणि मगच बसायचे. माझ्या वडिलांना, दादांना, त्यांनी याच दगडाच्या कमाईवर शिकवलं आणि दोन्ही लेकींना लग्नात आपल्या हातचं जातं दिलं. धाकटी कमलआत्या अंबडला, थोरली गंगाआत्या परतूरला.

आबांचा एक कायदा होता. बापानं लेकीच्या घरी बिनकामाचं जायचं नाही. म्हणून दरसाल संक्रांत झाली की ते दोघींकडे जात्याला टाकी लावायला जायचे. टाकी म्हणजे छिन्नी. दळून दळून जात्याचे दात झिजतात, मग टाकीनं ठोकून ते पुन्हा उठवावे लागतात. नवी तूर निघते, डाळ भरडायची असते, त्याच्या आत हे काम व्हायला हवं. जायचं, टाकी लावायची, भाकरी खायची आणि दिवेलागणीच्या आत परत. मुक्काम नाही.

त्या वर्षी आबांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता. दादा म्हणाले, "आबा, एवढी शेवटची खेप. पुढच्या साली मी काही तुम्हाला जाऊ देणार न्हाई." आणि सोबतीला मला जोडून दिलं. गंगाआत्याची सासू कित्येक वर्षं अंथरुणाला खिळलेली, त्यामुळे आत्याला माहेरी येताच येत नसे. आबा गेले तरच बाप-लेकीची भेट. म्हणजे शेवटची खेप याचा अर्थ काय, ते घरात सगळ्यांना कळत होतं.

पहिल्या दिवशी अंबड. सकाळची एसटी धरली. रस्ता असा होता की डब्यातल्या भाकरीचा आपोआप काला व्हावा. आज त्या बाजूला, अंकुशनगरकडे गेलात तर उसाच्या गाड्या आडव्या येतील. तेव्हा मला खिडकीतून ज्वारी, तूर आणि वेचून झालेली कपाशीची पऱ्हाटी एवढंच दिसलं. वेळ असेल तर टेकडीवर मत्स्योदरी देवीचं दर्शन जरूर घ्या. आम्ही घेतलं. पायऱ्या चढताना आबांनी माझा हात धरला नाही; प्रत्येक पायरीला पाय घासून दगड कसा आहे ते पाहत चढले.

कमलआत्यानं येसराची, म्हणजे भाजून दळलेल्या धान्य-मसाल्याची झणझणीत आमटी केली होती. जेवण झालं. जातं ओसरीवर काढून ठेवलेलं होतंच. आबांनी पिशवी उघडली, टाकी आणि हातोडा काढला. आणि मी, शिकलेली बाई, आत्याच्या सासूबाईंसमोर म्हणाले, "आबा, याला टाकी कशाला? दात तर सगळे शाबूत आहेत की. आत्या तर गिरणीतूनच दळून आणते, दोन घरं सोडून गिरणी आहे."

सासूबाई चांगल्या होत्या. साधेपणानं म्हणाल्या, "बराबर बोलली पोरगी. आमी दोन सालापासून गिरणीतूनच आणून राह्यलो. डाळ बी तिथंच. व्याही, तुमी कशाला तरास घेता?"

कमलआत्यानं माझ्याकडे असं पाहिलं की ते डोळे मला अजून आठवतात. आबांनी टाकी फडक्यात गुंडाळली. पाणीसुद्धा न मागता उठले. एसटीत त्यांनी एकच वाक्य उच्चारलं, "परतूरला जायचं काम न्हाई आता. तिथं बी गिरणी आल्ती मागंच."

मला रडू फुटलं. त्यांना हे दोन वर्षांपासून ठाऊक होतं. ज्याची सगळी हयात दगडात गेली, त्याला न झिजलेले दात कळत नसतील? कळूनही ते जात होते, कारण त्यांना लेकीला बघायचं होतं. आणि ते एक निमित्त मी चारचौघांत मोडून टाकलं होतं.

पण मी हातपाय गाळणाऱ्यातली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी धपाटे बांधले, शेंगदाण्याची चटणी घेतली, टाकी आणि हातोडा माझ्याच पिशवीत तळाशी घातला आणि टांगा दारात आणून उभा केला.

"वापस पाठव त्याला," आबा म्हणाले.

"नाही पाठवत. गंगाआत्या दरसालासारखी वाटेकडं डोळे लावून बसली असेल. मी चुकले ते अंबडला चुकले. त्याची शिक्षा परतूरला कशाला?"

आबा उंबऱ्यावर टेकले. तो उंबराही त्यांनीच घडवलेला. मग डोक्याला पटका गुंडाळला आणि म्हणाले, "चल मास्तरीण. पण मी टाकी घेणार न्हाई. नुसतं भेटून येऊ."

जालना ते परतूर तेव्हा लहान रुळांची गाडी होती. कोळशाचं इंजिन, डोळ्यांत कण, आणि प्रत्येक स्टेशनावर एवढी थांबायची की खाली उतरून चहा पिऊन यावं. तिकीट आम्हा मास्तरांना परवडेल असं. आता रुंद रुळांवरून गाड्या झपाट्यानं जातात. सकाळची धरा, आणि मोसंबीचा हंगाम असेल तर जालन्यातच पिशवी भरून घ्या.

समोर बसलेल्या एका कापसाच्या व्यापाऱ्यानं आबांना विचारलं, "बाबा, कुठवर?"

"परतूर."

"काही काम?"

दरसाल आबा ऐटीत सांगायचे, लेकीच्या जात्याला टाकी लावायला चाललोय. त्या दिवशी ते खिडकीकडे तोंड करून म्हणाले, "काम न्हाई. असंच." ते 'असंच' मला फार लागलं.

परतूरला स्टेशनापासून धान्याच्या मोंढ्यावरून चालत गेलो. तुरीच्या राशी पडलेल्या, हमालांची आरडाओरड. गंगाआत्याच्या अंगणात पोत्यावर तूर वाळत घातलेली आणि मधोमध जातं. आत्या पदर खोचून उभीच होती.

"आबा, किती वाट पाहायची? जातं नुसतं गरगर फिरून राह्यलंय. डाळ फुटंना. कवाची तूर वाळून पडली."

"गिरणी हाय ना गं तुमच्या गल्लीत," आबा हळूच म्हणाले.

"गिरणीची डाळ आमच्या सासूबाईंना गोड लागत न्हाई. टाकी काढा जल्दी."

आबांनी जात्याची वरची तळी बाजूला केली. खालच्या तळीवरून तळहात फिरवला. पुन्हा फिरवला. दगड ताटासारखा गुळगुळीत होता, दाताचं नाव नाही. त्यांचा चेहरा एकदम उजळला, मग ते सवयीनं आपली रिकामी पिशवी चाचपू लागले. मी धपाटे बाजूला करून माझ्या पिशवीतून टाकी-हातोडा काढून पुढे ठेवला.

चार तास काम चाललं. डोळ्यांना धड दिसत नव्हतं, पण डाव्या हाताची बोटं पुढे सरकायची आणि उजव्या हाताचा घाव बरोबर तिथंच पडायचा. एक घाव चुकला नाही. आत्या शेजारी बसून घरचं सगळं सांगत होती. सासूचं दुखणं, मोठ्या पोराचं शिक्षण, म्हशीचं दूध. आत खाटेवरून म्हातारी हाक मारायची, आत्या उठून जायची, पुन्हा येऊन बसायची. आबा मान न उचलता हूं हूं करत होते. मग आत्यानं पहिली मूठ घातली, खुंटा फिरवला, आणि तूर दोन फाकांत फुटून बाहेर आली. पिवळीधमक. ती डाळ मी अजून विसरले नाही.

दगडाचा भुगा मी झाडत होते. मधल्या खिळीच्या बुडाशी चिमूटभर काहीतरी चमकलं. बारीक रेती होती. मला काही उमजेना, पण यावेळी मी तोंड बंद ठेवलं. शहाणपण आलं होतं, एका दिवसात.

परतीच्या गाडीत आबा मजेत होते. एका बाईला स्वतःहून सांगितलं, "लेकीकडं गेल्तो. जात्याला टाकी लावायला." मग माझ्याकडे वळले. "धपाट्याच्या पिशवीचा असा खणखण आवाज होतो का गं? टांग्यातच कळलं होतं मला."

मी हसले. थोड्या वेळानं विचारलं, "आबा, जात्यात रेती कशी आली?"

"तू बी पाहिलीस व्हय," ते म्हणाले. "डाळ भरडून दात झिजले तर खळगे राह्यतात. हे बिलकुल सपाट होतं. रेती दळलीय पोरीनं, दात घालवायला. आठ-दहा दिस तरी दळली असंल, सासूचं करता करता. गिरणी आल्यापासून दरसाल दळती. यंदा बी दळली का न्हाई, हीच धास्ती होती मला."

"आणि तुम्ही तिला कधी बोलला नाहीत?"

"काय बोलायचं? तिला वाटतंय मला कळत न्हाई. राहू दे तसंच." त्यांनी पटक्याच्या शेवानं डोळे पुसले आणि कोळशाचा कण गेला म्हणाले. त्या डब्यात तेव्हा कणबिण काही नव्हतं.

जालन्याला आल्यावर मी पहिलं काम केलं ते पोस्टात जाण्याचं. कमलआत्याला कार्ड टाकलं. चुकले, माफ कर, असं लिहिलं, आणि खाली गंगाआत्याची युक्ती.

पुढच्या संक्रांतीला दादांनी आपलं म्हणणं पुन्हा सांगितलं. आबा आता कुठं जाणार नाहीत. त्याच आठवड्यात परतूरहून कार्ड आलं: जात्याचे दात गेले, आबांना पाठवा. मी ते मोठ्यानं वाचलं. दादा काही म्हणणार, तेवढ्यात मी दुसरं कार्ड काढलं. अंबडचं. 'गिरणीची डाळ आमच्या सासूबाईंना आवडेनाशी झाली आहे. जातं साफ गुळगुळीत झालं. आबांनी जल्दी यावं.'

त्यानंतर आबा आणखी सहा वर्षं लेकींकडे जात राहिले. नव्वदी ओलांडली, शेवटी तर डोळ्यांपुढे नुसता अंधार होता, तरी माझ्या खांद्यावर हात ठेवून दोन्ही घरं केली. ती टाकी आता माझ्या कपाटात आहे. पण ते अंबडचं कार्ड वाचलं त्या सकाळचे आबा मला जास्त आठवतात. त्यांनी ते माझ्या हातातून घेतलं, दिसत नसताना डोळ्यांजवळ धरलं, अक्षरांवरून तळहात फिरवला, आणि दादांना म्हणाले, "बघ रे. दोन्ही पोरींकडं यंदा लई काम निघालंय."