सिमेंटवरचं पान

हे मी आजवर कोणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, आईलाही नाही. आता तुम्हाला सांगतेय, कारण — खरं सांगू? लपवून लपवून थकलेय.

एम.टेक.ला माझा प्रकल्प होता — पानाचा फोटो बघून कॉम्प्युटरने झाड ओळखायचं. पानं आणून द्यायचे कॉलेजच्या बागेतले माळी, तुळशीरामकाका. प्रत्येक पाकिटावर झाडाचं नावही तेच लिहायचे. मी कुठून लिहिणार? मला ऐन आणि अर्जुन, दोन्ही झाडं सारखीच दिसायची. काका पान नुसतं बोटांत धरून सांगायचे.

फोटो काढणं तेवढं माझं काम. त्याचाही कंटाळा! अर्जुनाची सगळी पानं मी घरच्या गच्चीवर, सिमेंटवर ठेवून एका दुपारी उरकली. ऐनाची लॅबमध्ये, पांढऱ्या कागदावर. मशीन धडाधड बरोबर उत्तरं द्यायला लागलं आणि मी हवेत.

तोंडी परीक्षेला बाहेरून आलेल्या परीक्षकांनी काकांकडून ऐनाचं ताजं पान मागवलं. खिडकीच्या सिमेंटच्या कट्ट्यावर ठेवून फोटो काढला. मशीन म्हणालं, अर्जुन.

मला तिथल्या तिथे कळलं — मशीन पान बघतच नव्हतं. पानाखालचं सिमेंट बघत होतं. चूक माझ्या आळसाची होती. एवढं सांगायला किती वेळ लागला असता? पण पदवी जाईल या भीतीने मी म्हणाले, “सर, नावं काकांनी लिहिली होती. त्यांचीच अदलाबदल झाली असेल.”

काका दारातच उभे होते. माझ्याकडे बघितलं — रागाने नाही, तेच तर सहन होत नाही. म्हणाले, “असन, ताई. डोये कमी झाले आता. माह्यंच चुकलं असन.”

मला पदवी मिळाली. मिहानमधल्या एका आयटी कंपनीत नोकरीही लागली.

गेल्या महिन्यात कॉलेजात गेले. काकांना खरं सांगायलाच चाललेय, असं स्वतःला बजावत गेले. काका त्यांनीच लावलेल्या ऐनाला पाणी घालत होते. एका विद्यार्थिनीने विचारलं, हे कोणतं झाड? काकांचा हात खोडाकडे गेला — आणि मागे आला.

“मले काहून विचारता, बाई? मोबाईलले विचारा. मी चुकतो.”

मी चार पावलांवर उभी होते. झाडाचं नाव मला ठाऊक होतं, त्यांनीच शिकवलेलं. तेव्हाही खरं न सांगता मी मागे फिरले.