त्या नावाची बाई

माझी सून मला विचारत नाही असं कुणी म्हणणार नाही. भाकर वेळेवर वाढती, दवा आणती, धोतर धुती. पण मी हाक मारली तर ती ओ देत नाही. त्याला आता तिसाच्या वर वर्षं झाली.

मी निजामाच्या राज्यात दोन इयत्ता उर्दू शिकलो. मराठी मागाहून, स्वतःच्या हिमतीवर. लिहिण्यात चूक असंल तर असू द्या, सांगण्यात नाही.

आमचं गाव चुडावा स्टेशनाजवळ. पोरगा पूर्णेला रेल्वेत खलाशी लागला आन् तिथल्याच एका फिटरची पोरगी पसंत करून बसला. सुपारी फोडताना पोरीचा बाप म्हणाला, "बाकी सगळं तुमी म्हणाल तसं. पर पोरीला खेळू द्या."

"खेळू की! कोण नगं म्हणतंय?" मी म्हणलं. मला वाटलं, पंचमीचा झोका, फुगडी. ती फुटबॉल खेळती, हैदराबादेतल्या एका बायांच्या क्लबाची गोलकीपर हाय, हे लग्नाच्या दिवशी वऱ्हाडात कळलं. पण जबान दिली होती. गप बसलो.

नाव मात्र मी बदललं. आमच्यात लग्नात सुनेचं नाव बदलतात. ताटात तांदूळ पसरून नवरा अंगठीनं नवं नाव लिहितो. मी माझ्या मायचं नाव लिहायला लावलं. माय मी लहान असतानाच गेली. माझ्याजवळ द्यायला त्याच्याहून मोठं काही नव्हतं. हे त्या पोरीला कुणी सांगितलं नाही. मी बी नाही.

महिन्यातून एक-दोनदा ती गाडीनं हैदराबादेला जायची. पारावर लोक म्हणायचे, "सूनबाई चेंडूमागं पळायलीय, तुमी सूनबाईमागं पळा." एकदा तिचा क्लब पूर्णेला खेळायला आला. मी बाजाराचं निमित्त काढून रेल्वेच्या मैदानाकडनं गेलो. ती चड्डीवर होती. मी मान फिरवली. पण फिरवायच्या आधी दिसलं ते दिसलं. समोरची पोरगी चेंडू घेऊन वाऱ्यासारखी आली आन् आमची सून तिच्या पायात आडवी पडली, चेंडू छातीशी धरून. गडीमाणसाची छाती झाली नसती. हे बी मी कुणाला सांगितलं नाही.

मग त्या क्लबाला बोलावणं आलं. आशिया खंडातल्या देशोदेशीचे बायांचे क्लब एका ठिकाणी खेळणार होते, समुद्रापल्याड. तिला पासपोर्ट पाहिजे होता. पोरानं मला न विचारता अर्ज भरला, शाळेच्या दाखल्यावरून. तिचं माहेरचं नाव, तिच्या बापाचं नाव, माहेरचं आडनाव. पत्ता सोडला तर त्या कागदात आमच्या घराचा मागमूस नव्हता.

तपासाला ठाण्यातला जमादार आला. सायकल बाभळीला टेकवून त्यानं कागदावरचं नाव वाचलं. "ही बाई हितं राहती का?"

"त्या नावाची बाई माझ्या घरात न्हाई."

सून दारात आली. डोक्यावर पदर. "मीच हाय की ती," म्हणाली.

"आत हो!"

जमादार कपाळ पुसत हसला. "महिनाभर विद्यापीठाच्या नामांतराच्या बंदोबस्ताला होतो, बाबा. आता तुमच्या घरात बी नावाचाच तंटा! तहसिलीत एक कागद करून द्या, दोन्ही नावं एकाच बाईची म्हणून. काम झालं."

"नाव मी ठिवलं. आता मीच हाकिमापुढं जाऊन सांगू का, ते खोटं हाय म्हणून?"

"खोटं कोण म्हणायलंय? मग काय लिहू मी?"

"बोललो ते लिवा."

त्यानं लिहिलं. मी खाली उर्दूत सही ठोकली, झोकात.

पोरगा संध्याकाळच्या गाडीनं आला. "आबा, तहसिलीचा कागद द्यायला अजून चार दिवस हायेत. नुसतं हो म्हणा, बाकी मी बघतो."

"न्हाई."

ते चार दिवस ती माझं ताट वाढायची आन् जराशी उभी राहायची. विचारायचीच ती, तोंड न उघडता. मला कळत होतं. मी मान वर केली नाही.

क्लब तिच्याबिगर गेला आन् हरून आला. महिन्याभरानं त्यातली एक पोरगी चुडाव्याला उतरून आमच्या घरी आली. तिच्याजवळ तिथं छापलेलं पुस्तक होतं, सगळ्या क्लबांचं, सगळ्या पोरींच्या नावांचं. यादी आधीच गेली होती म्हणून आमच्या सुनेचं नाव तसंच राहिलेलं. पोरानं बोट ठेवून वाचलं. सगळ्यात वर, गोलकीपर. माहेरचं नाव.

मी मायचं नाव घेऊन सुनेला हाक मारली. "पाहुणीला चहा ठिव."

ती उठली नाही. "मामा," ती म्हणाली, "तुमी जमादाराला सांगितलं, त्या नावाची बाई तुमच्या घरात न्हाई. आजपासून तुमी ठिवलेल्या नावाची बी न्हाई."

मग उठून तिनं चहा ठेवला.

मैदानावर ती पुन्हा गेली नाही. मायचं नाव घेऊन मी पुष्कळ दिवस हाका मारल्या, मग सोडलं. माहेरचं नाव घेतलं असतं तर तिनं ओ दिली असती, हे मला ठाऊक हाय. पण ते नाव माझ्या घरात नाही असं मी लिहून दिलंय, खाली माझी सही हाय.

सासऱ्यानं घरात शिरताना खाकरायचं, म्हणजे सून पदर सावरती. आता माझे पाय गेले, मी कुठं शिरत नाही. खाटेवर पडल्या पडल्या पाणी लागलं की खाकरतो. ती तांब्या आणून ठेवती.