विमानं घरी आणणारा वास्को

हल्ली आमच्या लास तोस्कास गावावरून रोज विमानं जातात आणि मान वर करून बघायचे कष्टही कोणी घेत नाही. मला याचा राग येतो. आमच्या तरुणपणी वर घरघर ऐकू आली की बायका चुलीवरचं दूध तसंच सोडून अंगणात धावायच्या, कारण वर गेलेलं विमान धड खाली येईल याची खात्री ते चालवणाऱ्यालाही नसायची. आणि धड नाहीच आलं, तर ते घरी कोण आणणार हे ठरलेलं होतं. माझे काका, फेर्मिन अर्रेचेआ.

फेर्मिन हे नाव फक्त चर्चच्या वहीत. युरोपातल्या बास्क वंशाचा कोणीही आमच्याकडे 'वास्को' होतो, तसे तेही झाले होते. माणसापेक्षा उंच चाकांचा, सहा घोड्यांचा त्यांचा गाडा होता. लोकर आणि गहू स्टेशनावर पोचवायचा, हा धंदा. पहिलं महायुद्ध संपलं आणि युरोपातली वापरून झालेली विमानं आमच्या गवताळ माळावर आली. लाकडाचा सांगाडा, त्यावर ताणून बसवलेलं कापड, जिकडे तिकडे तारा. ती कधी कुंपणात अडकायची, कधी तळ्यात बसायची, कधी मक्यात उताणी व्हायची. मग कोणीतरी काकांच्या दारात येऊन म्हणायचं, "वास्को, गाडा जुंपा. अजून एक उतरलंय."

सगळ्यात जास्त वेळा आणलं ते नाझारेनो बिओन्दीला. हा बेकरीवाल्या इटालियनाचा पोरगा, राजधानीत जाऊन विमान शिकून आलेला. त्याच्या अंगाला कायम एरंडेलाचा वास. त्या इंजिनांत एरंडेल घालत आणि ते उडून तोंडावर येई, थोडं पोटातही जाई. त्यामुळे विमानातून उतरल्यावर तो आधी कुठे पळतो हे सगळ्या गावाला माहीत होतं. पहिल्यांदा तो पडला तेव्हा काका पोचेपर्यंत गाईंनी एका पंखाचं कापड चाटून चाटून फाडलं होतं. कापडाला लावलेलं रोगण त्यांना आवडायचं. नाझारेनो कपाळाला रुमाल बांधून गाईंना शिव्या देत बसला होता.

काकांनी आधी त्याला प्यायला माते, म्हणजे आमचा कडू पाल्याचा गरम काढा दिला, मग विमान गाड्यावर चढवलं आणि त्याला शेजारी बसवलं. वाटेत पडण्याविषयी चकार शब्द काढला नाही. पाऊस कधी येईल, पुढचा डावा घोडा कसा चालतो, एवढंच बोलले. आमच्या माळावरची ही रीतच आहे. घोड्यावरून पडलेल्याला तो परत घोड्यावर बसेपर्यंत पडण्याबद्दल विचारायचं नाही. तो आधीच शरमेनं अर्धा झालेला असतो. पण एकदा का तो परत स्वार झाला, की पहिल्या भेटीतच विचारायचं, "त्या दिवशी फार लागलं का?" मग हसायला सगळ्यांना मोकळीक. काकांनी घोड्याची रीत विमानाला लावली. नाझारेनो पुन्हा उडून खाली आला की हे मैदानाच्या कडेला टोपी मागे सारून उभेच. "काय रे गोऱ्या, त्या दिवशी फार लागलं का?" आणि तो दोन्ही हातांनी पोट धरून हसायचा.

सगळेच असे हसायला परत आले नाहीत. शेजारच्या गावचे दोघं काकांनी पंखाच्याच कापडाखाली झाकून आणले. त्या संध्याकाळी काका जेवले नाहीत. "हे पोरगं तरी सोडेल का हा नाद," एवढंच म्हणाले, आणि तेही नाझारेनोबद्दल, हे आम्हाला कळलं. काकू कधीच वारली होती. घरात मुलगी कासिल्दा, आणि माझं दुकान सांभाळून येऊन जाऊन असणारी मी.

कासिल्दाचं आणि नाझारेनोचं या पडण्यापायीच जमलं. मोडलेलं विमान आमच्या अंगणात उतरवायचं, तिनं फाटलेलं कापड शिवायचं, त्यानं शेजारी बसून सुईत दोरा ओवायचा. तो दोरा ओवायला त्याला फार वेळ लागायचा. शेवटी त्यानं रीतसर निरोप धाडला, की रविवारी तिचा हात मागायला येतो, आणि रस्त्यानं नाही, विमानानं येतो.

काका हरखून गेले. गाडीवानाच्या घरी असा पाहुणा कधी आला नव्हता, आणि त्याच्या मानात काही कमी पडू नये हा एकच ध्यास त्यांनी घेतला. आमच्याकडे मानाच्या पाहुण्याची वाट दारात उभं राहून बघत नाहीत. घोड्यावर बसून, दौडत सामोरं जातात आणि त्याला वाजतगाजत घरी आणतात. काकांनी चांदीचा पट्टा घासला आणि आसपासचे सगळे स्वार गोळा केले. घरामागच्या कुरणात मी आणि कासिल्दानं पांढऱ्या चादरी अंथरल्या, त्याला उतरायची जागा दिसावी म्हणून. हा पाहुणा रस्त्यानं येणार नाही, याचा अर्थ काय होतो, हे आमच्यापैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही. डोकी होती, पण त्यांच्यावर नव्या टोप्या होत्या.

विमान आलं. इंजिन बंद करून ते चादरींकडे खाली सरकू लागलं, आणि काकांनी हाळी देऊन घोडा सोडला. मागून सगळे. टोप्या हलवत, धूळ उडवत, थेट त्याच्या समोर. घोडे वाचवायला नाझारेनोनं विमान पुन्हा वर खेचलं. तेवढा जोर त्यात उरला नव्हता. एक पंख कलला, विहिरीवरच्या पवनचक्कीला लागला आणि सगळं गोल फिरून जमिनीवर आपटलं.

तो जिवंत होता. उजवा पाय मात्र गुडघ्याखाली दोन ठिकाणी मोडला होता. कासिल्दा किंचाळली नाही की रडली नाही. बापाच्याच घोड्यावर उडी मारून डॉक्टरला जागेवर धरून ठेवायला गावाकडे सुटली. आम्ही त्याला गाड्यात गवतावर निजवलं. पाय हलू नये म्हणून मी तो मांडीवर धरून बसले.

काकांचा चेहरा राखेसारखा झाला होता. थोडं अंतर गेल्यावर त्यांनी मागे न बघता तोंड उघडलं.

"नाझारेनो, मी..."

"वास्को, पाऊस येईल का हो?"

आभाळात ढगाचं नाव नव्हतं. मला वाटलं ताप चढला.

"पोरा, माझ्यामुळे तुझा..."

"पुढचा डावा नवा घेतलात वाटतं," नाझारेनो म्हणाला. ओठ पांढरे पडले होते, प्रत्येक खड्ड्याला त्याची बोटं माझ्या मनगटात रुतत होती. "जरा आत ओढतोय. पण चालेल."

तेव्हा माझ्या लक्षात आलं. त्याच्या लेखी त्या दिवशी तो पडलाच नव्हता. काका पडले होते.

काकांनी पुढच्या डाव्याचा लगाम जरा बाहेर घेतला. मग म्हणाले, "पाऊस... गुरुवारपर्यंत तरी नाही." त्यांच्या गालावरून पाणी वाहत होतं आणि लगाम हातात असल्यामुळे पुसता येत नव्हतं. मी दुसरीकडे बघितलं.

पाय वाकडा सांधला. लग्न झालं, नवरा काठी टेकत उभा राहिला. कासिल्दा बेकरीवर राहायला गेली. पण काका त्यानंतर घोड्यावर बसले नाहीत. गाडा हाकायचे तेवढाच. पाहुणा आला तर फाटकाशी हात बांधून उभे राहायचे, चोरासारखे. आणि त्या रविवारचं नाव घरात कोणी काढेना. नाझारेनो नाही, कासिल्दा नाही. मी स्वभावानं तोंडाळ, माझा तर जीव गुदमरायचा. काका आमच्यात बसून जेवायचे आणि आमच्यात नसायचे.

असं बरेच दिवस चाललं. मग एका वसंतात कासिल्दा निरोप घेऊन आली. विमान पुन्हा उभं राहिलं होतं, कापड तिनंच शिवलं होतं.

"बाबा, ते रविवारी येतायत. म्हणाले, वास्कोंना सांग मला आणायला या."

"मी दारात आहेच की."

"दारात नाही. पाहुण्याला घोड्यावर बसून आणतात. हे मला कोणी शिकवलं?"

काका उठून गोठ्यात गेले. रविवार उजाडेपर्यंत त्यांनी हो म्हटलं नाही की नाही म्हटलं नाही. मी पाहुण्याच्या जेवणासाठी निखाऱ्यावर गाईच्या बरगड्या भाजत होते. मग खोगिराचा करकर आवाज आला. काका घोड्यावर. एकटे. चांदीचा पट्टा काळा पडलेला, तसाच बांधलेला. कुरणात शिरले नाहीत. कुंपणाच्या बाहेर, पार लांब जाऊन थांबले. टोपी काढून छातीशी धरली, घोड्याचा लगाम आवळून धरला आणि वर बघत राहिले.

विमान चादरींवर टेकलं, दोनदा उसळलं, थांबलं. नाझारेनो उतरला. त्या दिवशी तो कुठेही पळाला नाही. पाय ओढत, सावकाश सगळं कुरण ओलांडून कुंपणापाशी आला. तारेवर हात ठेवून त्यानं घोड्यावर बसलेल्या माझ्या काकांकडे वर बघितलं.

"काय वास्को," तो म्हणाला, "त्या दिवशी फार लागलं का?"

"लागलं रे गोऱ्या," काका म्हणाले. "फार लागलं." आणि घोड्यावरून उतरता उतरता ते हसायला लागले. रडता रडताच हसत होते. कुंपणाच्या तारेवरून त्यांनी त्याला मिठी मारली, ती इतका वेळ की निखाऱ्यावरच्या माझ्या बरगड्या जळाल्या. आम्ही तशाच खाल्ल्या.